दुसरा वन्समोअर

अन्याय माझ्या मामावर झाला. रविवारी, संध्याकाळच्या खेळाला, दुसऱ्या अंकातलं मोठं पद संपून नायिकेनं पदर सावरला, नेमका त्या क्षणी. ठिकाण रत्नागिरीचं नाट्यगृह, खालचा मजला, आठवी रांग. अन्याय कोणी केला हेही मी सोमवारी सकाळी छापून मोकळी झाले होते, आणि ते साफ चुकीचं होतं. म्हणून हे पुन्हा लिहितेय, या वेळी सगळ्यांना विचारून.

नाटक जुनं, संगीत. आमच्या पणजोबांच्या पिढीनं डोक्यावर घेतलेलं. ते नव्यानं, मोठ्या थाटात बसवून मुंबईची मंडळी गावोगाव फिरत होती. फिरता रंगमंच, मागे भिंतीएवढा पडदा, त्यावर चांदणं आणि वाहती नदी, आणि पुढे कोपऱ्यात खरे ऑर्गन-तबला घेऊन बसलेले दोन वादक. रत्नागिरीला दोन खेळ होते, रविवारी आणि सोमवारी. मामानं जाहिरात पाहिली त्याच दिवशी दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, एक त्याच्या मित्राचं. दोघं पोफळीला वीजघरात एकत्र नोकरीला होते, कॉलनीत भिंतीला भिंत लागून राहायचे आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत चिपळूण-रत्नागिरीला येणारं एकही संगीत नाटक त्यांनी सोडलं नव्हतं. निवृत्तीनंतर मित्र मुलाकडे डोंबिवलीला गेला. या वेळी येतो म्हणाला होता, पण गुडघ्यांनी दगा दिला. ती खुर्ची रिकामी नको म्हणून मामा मला म्हणाला, "चल गो. तुझ्या घोषणांपेक्षा बरं काहीतरी कानावर पडेल."

मी गेले. मला संगीत कळत नाही. गावची दुपारची एसटी बंद झाली तेव्हापासून मी पत्रकं लिहिते, वाटते, आणि तहसील कचेरीसमोर ओरडते. माझ्या कानाला तेवढंच वळण. त्यामुळे नाटकापेक्षा मी लोकांकडेच जास्त बघत होते, आणि खरं सांगते, लोक नाटकाइतकेच बघण्यासारखे होते.

नांदी सुरू झाली तशी पुढची अख्खी रांग ताठ झाली, राष्ट्रगीत लागावं तशी. एका गृहस्थांनी चष्मा काढून खिशात ठेवला. बघायचं नाहीच, असं ठरवूनच आले असावेत. माझ्या मागे एक सासूबाई सुनेला गोष्ट आधीच सांगत होत्या.

"आता तो येईल, आणि तिला खोटं सांगेल."

"आई, सगळं सांगितलंत तर बघायचं काय?"

"बघायला कोण आलंय? ऐक."

रंगमंच फिरला तेव्हा कडकडून टाळ्या पडल्या. मामा हात बांधून बसला होता. "लाकडाला कसल्या टाळ्या?" मला म्हणाला, आणि पडद्यावरच्या नदीकडे बघून, "पाणी उलटं वाहतंय. मघाशी डावीकडे जात होतं." मी बघितलं. खरंच उलटं वाहत होतं.

मग ते पद आलं. मामाला ते तोंडपाठ होतं, कारण आमच्या गावात माघातल्या उत्सवाला हेच नाटक यंदा बसतंय आणि पेटी मामाची आहे. तालमी त्याच्याच अंगणात. ती बाई गात असताना मामाची बोटं मांडीवर चालत होती. शेवटच्या ओळीला ती एके ठिकाणी थांबली, पुढचा शब्द म्हणालीच नाही, आणि अख्ख्या थिएटरनं श्वास धरला. मग शब्द आला. मला काही कळत नसताना माझ्या हातावर काटा आला, याचा मला थोडा रागच आला.

टाळ्या पडल्या. मामानं वाजवल्या नाहीत. तो उभा राहिला आणि तालमीतल्या खड्या आवाजात ओरडला, "वन्समोअर!"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या कोणी "शूऽऽ" केलं. टाळ्या विझल्या. मामा उभाच. बॅटरी घेतलेली एक स्वयंसेवक मुलगी वाकून धावत आली, "काका, बसून घ्या ना प्लीज, मागच्यांना दिसत नाहीये." उजेड मामाच्या तोंडावर. तो बसला. नाटक पुढे गेलं.

मध्यंतरात मामा उठला. "चल. साडेसातची गाडी मिळेल."

"मामा, अर्धं नाटक राहिलंय!"

"मला माहीत आहे पुढं काय होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पेटीला गवसणी घातली आणि गावच्या मंडळींना निरोप धाडला की यंदा पेटीला दुसरा माणूस बघा. दुसरा माणूस पंचक्रोशीत नाही. पेटी नाही तर नाटक नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उत्सव तीन आठवड्यांवर.

मी पेटले. तासाभरात पत्रक लिहिलं. मथळा असा: रसिकांचा गळा दाबणाऱ्या आयोजकांचा जाहीर निषेध. मजकुरात ज्येष्ठ कलावंताचा अपमान, वन्समोअरवर अघोषित बंदी, जाहीर माफीची मागणी. झेरॉक्स काढली आणि सोमवारच्या खेळाआधी नाट्यगृहाच्या फाटकात उभी राहिले.

पत्रक वाटायला लागलं की लोक साधारण तीन प्रकारे वागतात, घेत नाहीत, घेऊन टाकतात, किंवा घेऊन भांडतात. त्या दिवशी चौथाच प्रकार झाला. लोक वाचून थांबायला लागले. त्यातले बरेचजण आदल्या दिवशीही आले होते, दुसऱ्यांदा बघायला आले होते, आणि त्यांना मामा आठवत होता.

"ते होय! उभे राहिले ते?" एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. "माझ्या अगदी ओठांवर आला होता हो."

"मग ओरडला का नाहीत?"

"बाजूला जावई होता."

एका बँकेतल्या साहेबांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं, "मी टाळ्या वाजवल्या की! हात दुखले माझे."

"टाळ्या सगळ्यालाच वाजवता तुम्ही. लाकडालासुद्धा," मी म्हटलं. मामाचं वाक्य होतं, पण चपखल बसलं. साहेबांना ते कळलं नाही.

कॉलेजातली दोघं म्हणाली, "आम्हाला वाटलं, काकांना काहीतरी त्रास होतोय. वन्समोअर म्हणजे काय असतं?" मी समजावलं की पद आवडलं तर परत म्हणायला लावायचं, तिथल्या तिथे. "आणि ते म्हणतात?" मुलगा चकितच झाला. "खरंच परत म्हणतात? मग काल सांगायचं ना!"

एक काका मात्र खवळले. "तिकिटात एकदाच गाणं बसतं. तुमच्यासाठी आम्ही शेवटची गाडी चुकवायची?" त्यांना केळशीला जायचं होतं. मला त्यांचा राग करता येईना. एसटी हा माझाच विषय.

मला आता कुतूहल लागलं होतं. इतक्या जणांच्या ओठांवर आलेला शब्द बाहेर का पडला नाही? मी पत्रक देणं सोडून दिलं आणि नुसतं विचारत सुटले. कोणाला वाटलं आता तशी पद्धत राहिली नाही. कोणाला वाटलं रेकॉर्ड लावलेली असेल, परत कशी लावणार. शू करणाऱ्या बाईसुद्धा सापडल्या, स्वतःहून सांगितलं त्यांनी. "मी त्यांना नाही गो केलं. तो मागचा हसला ना, त्याला केलं."

तेवढ्यात पांढऱ्या झब्ब्यातले एक गृहस्थ हातात कटिंग घेऊन माझ्यापाशी आले. पत्रक घेतलं, पूर्ण वाचलं, चार घड्या घातल्या. ते कालचे ऑर्गनवाले होते.

"कोणी लिहिलं?"

"मी."

"छान लिहिलंय. खोटं आहे."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी चहाचा घोट घेतला. "बंदी कसली? दिव्याच्या पोराला सांगून ठेवलंय, वन्समोअर आला तर पडद्यावरचं चांदणं तसंच ठेव. काल त्यानं ठेवलं होतं. मी सूर दाबून धरला होता. बाई जागच्या हलल्या नाहीत. आम्ही सगळे थांबलो होतो."

"मग गायल्या का नाहीत?"

"एकच आला ना. एकट्याच्या ओरडण्यावर परत गायलं तर लोक म्हणतात, नटीचाच कोणी नातेवाईक बसलाय. दुसरा आवाज यावा लागतो. तो आला की प्रेक्षकांची मागणी झाली." त्यांनी बोटांनी हवेतच चार मात्रा मोजल्या. "एवढा वेळ वाट बघितली. कोणी नाही. गेलो पुढं. या दौऱ्यातला तो पहिला वन्समोअर, ताई. बाई आत येऊन विचारत होत्या, कोण होता तो माणूस?"

शेजारी हर्णेहून बहिणीसोबत आलेली एक मासे विकणारी बाई उभी होती. ती मध्येच म्हणाली, "तां बराबर हाय. आमच्याकडं सांजच्या लिलावात पयला बोल कोनपन लावतो. दुसरा बोल पडला नाय तर लिलावच होत नाय. मासली तशीच पडून ऱ्हाते नि वास मारते." आणि बहिणीला कोपर मारून, "तू काल काय करत व्हतीस गो? झोपलीवतीस!"

हातातली पत्रकं मी पिशवीत घातली. माफी कोणाला मागायला लावत होते मी? थांबून राहिलेल्या माणसांना?

मंगळवारी मामाकडे गेले. तो बागेच्या गडग्याचे, दगडी कुंपणाचे, निसटलेले जांभ्याचे चिरे परत रचत होता. मी धापा टाकतच सगळं सांगितलं. सूर धरून ठेवला होता, चांदणं ठेवलं होतं, बाईंनी विचारलं कोण होता तो.

"बरं," मामा म्हणाला.

"म्हणजे आयोजकांची चूक नव्हतीच."

"मी कधी म्हटलं होती? तू छापलंस."

"आणि ती बॅटरीवाली—"

"ती पोर काय करणार? काका म्हणाली मला." त्यानं एक चिरा उचलला, फिरवून बघितला, बसवला. "पोफळीपासनं आमचं ठरलेलं होतं. एकदा मी पहिला, दुसरा तो. पुढच्या नाटकाला उलट. कधी चुकलं नाही. माणूस एकटा ओरडला की येडा दिसतो गो. शेजारच्यानं लगेच साथ द्यायची असते. रविवारी त्या खुर्चीत कोण होतं?"

मी होते. आणि मी काय केलं ते अजून लिहिलेलं नाही, पत्रकातही लिहिलं नव्हतं. बॅटरी यायच्या आधी, कोणी हसायच्याही आधी, मी मामाची बाही धरून खाली ओढली होती. "मामा, बस ना, लोक बघतायत," असं म्हणाले होते. तहसीलदाराच्या दारात बेंबीच्या देठापासून ओरडणारी मी, लोक बघतायत म्हणून शरमले होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हां," मामा म्हणाला आणि पुढचा चिरा मागितला. मी दिला. संध्याकाळपर्यंत देत राहिले. पेटीची गवसणी काही निघाली नाही.

ती निघाली अंगणवाडीच्या ताईंमुळे. गावच्या नाटकात नायिका त्या. बुधवारी मुलांना घरी सोडून त्या तडक अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पेटीशिवाय मी गायची नाही. नाटक रद्द झालं असं तुम्हीच देवळात जाऊन सांगा." मामा बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, येतो, पण एका अटीवर. वन्समोअर घ्यायचा नाही. पद संपलं की लगेच पुढचं वाक्य. कोणी ओरडलं तरी थांबायचं नाही. मंडळी हो म्हणाली. नाटक वाचलं होतं, अटीचं कोणाला पडलंय?

मला पडलंय. मी रोज तालमीला जाऊन बसते आणि बघते. पूर्वी पद संपलं की मामाचा भाता जरा वेळ चालू राहायचा, सूर रेंगाळायचा, आणि तो मान वर करून अंगणात बसलेल्यांकडे बघायचा. आता शेवटची मात्रा पडते आणि भाता बंद. पुढच्या प्रवेशाची वही उलटलेली असते. मान वर होतच नाही. ताई गातात सुंदर, पण गाऊन झाल्यावर हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नाही. बंदी म्हणजे काय हे मी इतकी वर्षं छापत होते. ती दिसते कशी, ते आता बघितलं. ती माझ्या मामानं घातलीय, आणि त्याला ती घालायला आपण लावलंय.

परवा मला राहवलं नाही. पद संपलं आणि मी ओरडले, "वन्समोअर!" पोरं खिदळली. कोणी साथ दिली नाही. अट होती ना. मामानं वहीतून डोकं न काढता म्हटलं, "एकटीच आहेस." पण त्यानं भाता लगेच बंद केला नाही. मी मोजलं. चार मात्रा.

म्हणून मागणी आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. माघातल्या उत्सवाच्या चौथ्या दिवशी आमच्या देवळासमोरच्या मांडवात या. रत्नागिरीहून येणार असाल तर सकाळचीच गाडी धरा, दुपारची अजून बंद आहे. जागा कुठेही धरा. दुसऱ्या अंकात ताईंचं मोठं पद संपेल, पहिला आवाज मी देईन. टाळ्या नकोत, मान डोलावणं नको, नंतर भेटून छान झालं म्हणणं नको. तेवढ्यात, चार मात्रांच्या आत, दुसरा आवाज तुम्ही द्या.