पारोळ्यापर्यंतचे टायर

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या माझ्या घराच्या व्हरांड्यात सायकलच्या टायरच्या तीन जोड्या खिळ्याला टांगलेल्या असतात. शेजारचे जाता-येता विचारतात, "काका, दुकान कधी उघडताय?" मी म्हणतो, मुहूर्त बघतोय. साठी उलटलेल्या माणसाने तंग चड्डी घालून सायकलवर बसावं, हेच आमच्या कॉलनीला अजून पचलेलं नाही. त्यात एका सायकलला तीन जोड्या टायर म्हणजे कहरच झाला.

पण त्यात वेडेपणा काही नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे डांबर इतकं तापतं की टायरमध्ये हवा जरा कमीच ठेवावी लागते. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांची काळी माती रस्त्यावर सांडत जातात. त्या चिखलावर गुळगुळीत टायर घेऊन गेलात की हाडवैद्याची ओळख झालीच म्हणून समजा. दिवाळीनंतर सराटे वाळतात आणि त्यांचे काटेरी गोळे रस्त्याच्या कडेने पसरतात. शिवाय हायवेवर ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या केसासारख्या बारीक तारा बारा महिने पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, ट्यूबला मात्र बरोबर सापडतात.

म्हणून कोरड्या, चांगल्या रस्त्यासाठी पंचवीस मिलिमीटरचे बारीक टायर. सराट्यांच्या दिवसांत अठ्ठावीसचे, ज्यांच्या आत काटा अडवणारी पट्टी असते. आणि बत्तीसचे जाडजूड, खोल नक्षीचे. ते पावसाळ्यासाठी, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ते मी एका माणसासाठी घेतले होते.

त्या माणसाला सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. धुळ्याच्या कचेरीत माझी बदली झाली तेव्हा ते तिथे होते, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. सायकलचं खूळ त्यांनीच माझ्या डोक्यात भरलं. पुढे मी जळगावला परत आलो, दोघेही निवृत्त झालो, आणि मग माझी बायको गेली. ती गेल्यावर घरात माझ्याशी बोलणारा एक कुकर तेवढा उरला, तोही तीन शिट्ट्या दिल्या की गप्प. नानांना हे कसं कळलं कोण जाणे, पण एक दिवस त्यांचा फोन आला. "भाऊ, रविवारी सायकल काढ. मी आठून निघस, तू तठून निघ. जठे गाठ पडी तठे चहा."

हाच आमचा नियम ठरला. दर रविवारी रस्ता दिसू लागला की त्यांनी धुळ्याहून निघायचं आणि मी जळगावहून. कुणीही कुणासाठी थांबायचं नाही, भेट होईपर्यंत चालवत राहायचं. रस्ता चौपदरी, दोघे दोन अंगांना आणि मधल्या दुभाजकात कण्हेर. एकदा तर त्या कण्हेरीच्या आडून आम्ही एकमेकांना चुकलो आणि बरंच पुढे गेल्यावर दोघांनी एकदमच फोन लावले. तेव्हापासून नाना हेल्मेटखाली मोठा पांढरा रुमाल मागे सोडून बांधू लागले. तो रुमाल दुभाजकापलीकडे फडफडताना दिसला की माझा आठवडा सुरू होत असे.

चहा अर्ध्या तासाचा. मग पुन्हा आपापल्या वाटेने एकेकटे परत. म्हणजे सगळा दिवस एकट्याने चालवायचं ते त्या अर्ध्या तासासाठी. आणि त्या अर्ध्या तासात आम्ही सुखदुःखाचं बोलत होतो म्हणाल तर अजिबात नाही. आम्ही टायरवर भांडत होतो. नाना बारीक टायरचे कट्टर. "जाड टायर म्हंजे बैलगाडी शे," ते म्हणत. मी अठ्ठावीसवाला. त्यांच्या पंक्चरवर मी हसायचो, माझ्या वेगावर ते हसायचे. तरी तेव्हा ते पारोळा ओलांडून थेट एरंडोलच्या बाजूला येत आणि मी एरंडोल सोडून थोडं पुढे गेलो की समोर रुमाल दिसे.

मग भेटीची जागा सरकू लागली. आधी पारोळ्याच्या अगदी तोंडाशी आली, मग पारोळ्यात आणि एका हिवाळ्यात पारोळ्याच्याही पुढे, धुळ्याकडच्या मुकटीला. माझा वेग तोच होता. नाना मंदावत होते. मला ते कळत होतं, त्यांनाही कळत होतं, आणि दोघेही वाऱ्याला दोष देत होतो. मुकटीच्या टपरीवर चहाचा ग्लास तसाच हातात धरून ते म्हणाले, "तू तं मना दारशी इ गया, भाऊ. आते बंद करी देऊत. हाई काय खरं नही."

मी घरी आलो आणि मला काही सुचेना. रविवार गेला तर माझ्या आठवड्यात राहतं काय? मला नानांच्या तब्येतीची काळजी वाटली असं मी आज सांगू शकतो, पण तेव्हा मला माझीच काळजी वाटली होती. मी फार एकटा होतो, अजूनही आहे.

म्हणून मी बत्तीसचे टायर आणले. सायकलवाला म्हणाला, "काका, रस्ता आरशासारखा, पाऊस संपलेला, हे कशाला?" म्हटलं, तू घाल. फ्रेममध्ये ते जेमतेम मावले. वर मी हवाही कमी ठेवली. कुणी म्हणेल, त्यापेक्षा हळू चालवायचं. पण नानांची नजर मला ठाऊक होती. रमतगमत आलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी लांबूनच ओळखला असता. मला खरोखर दमायचं होतं, आणि त्या टायरांनी मला खरोखर दमवलं. चिखलात रुतलेली गाडी ओढावी तसा मी एरंडोलपर्यंत पोचायचो.

आणि उपाय लागू पडला. पुढच्याच रविवारी आम्ही पारोळ्यात भेटलो, महिन्याभरात पारोळ्याच्या अलीकडे. नानांनी माझे टायर पाहिले. "हाई काय बैलगाडी लई उना तू?" मी सराट्यांवर सगळं ढकललं. म्हटलं, पंक्चर काढून काढून कंटाळलो. ते खूश झाले, इतके खूश की स्वतःच्या पैशाने भजी मागवली, जे सहसा होत नसे. "तू म्हातारा व्हयी गया, भाऊ. तूप खात जाय," असा सल्लाही मिळाला. मी मान खाली घालून ऐकून घेतला. असा आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता. परत येताना मी एकटाच मोठ्याने गाणं म्हणत आलो.

ही मजा होळीपर्यंत चालली. मग एका दुपारी नानांच्या सूनबाईचा फोन आला. तिचा फोन मला कधी येत नसे. ती म्हणाली, "काका, रागावू नका, पण तुम्ही नानांना एवढ्या लवकर का बोलावता?" मी म्हटलं, लवकर कुठे, उजाडल्यावर निघायचं ठरलंय. ती म्हणाली, "ते तर कोंबडा आरवायच्या आधी निघतात. मिट्ट काळोख असतो, ट्रक सुरू असतात. आम्ही सांगतो तर म्हणतात, भाऊ वाट बघतो. आणि घरी आले की दिवसभर झोपून असतात, जेवतसुद्धा नाहीत. पाय दाबून द्यावे लागतात. तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

फोन ठेवला आणि मी व्हरांड्यात येऊन बसलो. सगळी नोकरी आकडेमोड करण्यात गेली आणि इतका साधा हिशेब मला सुटला नव्हता. दोन टोकांहून दोघे निघाले आणि एक हळू झाला, तर दुसऱ्याच्या वाट्याला जास्त रस्ता येतो. मी जेवढा जाड टायर घातला तेवढं त्या दमलेल्या माणसाला पुढे यावं लागलं. आणि आपण कमी पडू नये म्हणून नाना अंधारात, त्या ट्रकांच्या गर्दीत निघत होते. मला खूप वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, त्यातच थोडं बरंही वाटलं. माझ्या भेटीसाठी कुणीतरी काळोखात निघत होतं.

बारीक टायर परत घालावेत, असं आधी मनात आलं. पण मग भेट पुन्हा मुकटीला झाली असती, आणि नाना आणखी लवकर निघाले असते. त्यांना मी चांगला ओळखतो. खरं सांगावं तर त्यांची मान खाली गेली असती. धुळ्याला एसटीने जाऊन त्यांना घरी भेटावं, तर ते मी पूर्वी करून पाहिलं होतं. खुर्चीत बसलेले नाना वेगळेच असतात. टीव्हीकडे बघत राहतात, सून चहा देते, आणि आम्हा दोघांना काय बोलावं ते सुचत नाही. आमची मैत्री रस्त्यावरची, घरात ती अंग चोरून बसते.

पुढच्या रविवारी पारोळ्याला चहा झाल्यावर मी गुडघा धरला. म्हटलं, "नाना, माझ्याच्याने आता होत नाही. डॉक्टरने सायकल बंद करायला सांगितली." नानांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काळजी होती, पण खांदे मात्र सैल झालेले मला दिसले. "मनं तं काहीच दुखत नही," ते म्हणाले. "मी आखो दहा वरीस चालाडतू. पन तुना गुडघा कुरकुर करस, तं ऱ्हाऊ दे." मग ते उठले आणि माझ्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले. त्यांचा रुमाल मुकटीच्या दिशेने दिसेनासा होईपर्यंत मी टपरीवर उभा होतो.

आता रविवारी मी उलट्या दिशेला जातो, मुक्ताईनगरकडे. त्या रस्त्यावर नानांच्या ओळखीचं कुणी भेटायची भीती नाही. टायर पंचवीसचे बारीक घालतो, कारण आता कुणासाठी दमायचं नाही. सायकल वाऱ्यासारखी पळते. त्या वेगाचं कौतुक कुणाला सांगणार?

नानांचा फोन मात्र दर रविवारी येतो, मी हायवेवर असतो नेमका तेव्हाच. मी सायकल कडेला घेतो. "गुडघा कसा शे?" ते विचारतात. "तेल लावस ना? घरमा बशी नको ऱ्हाऊ, भाऊ, थोडं थोडं चालत जाय." मी म्हणतो, हो नाना, आता अंगणापर्यंत जातो. आणि मला लागलेला दम त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून फोन तोंडापासून लांब धरतो.