दहाव्या पावलाला हाक आली नाही

धाकटा भाऊ मे महिन्यात सासरच्या मंडळींना घेऊन मनालीला जाऊन आला. मला विचारलंसुद्धा नाही. वर लातूरच्या आमच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "दादाला काय करायचाय हिमालय? त्याला तुरीचा ढीग दिसला की बास." ज्याला मी हमाली करून शिकवलं, त्याचं हे बोलणं. त्याच दिवशी ठरवलं, आपण भर जानेवारीत जायचं आणि त्याला सात जन्मांत दिसणार नाही ते बघून यायचं. हिमबिबट्या.

म्हणून मी आणि बायको स्पितीच्या खोऱ्यात, शेवटच्या टोकाच्या एका गावात येऊन पडलो होतो. सगळं पांढरं. बादलीतलं पाणी सकाळी कुऱ्हाडीनं फोडावं लागे. टँकरमागं पळालेला माणूस मी, पण पाणी फोडताना पहिल्यांदाच पाहिलं. थंडीनं नाक बधिर व्हायचं, तरी मी लहान पोरासारखा पहाटेच उठून बसायचो.

तीन दिवस बिबट्या दिसला नाही. चौथा दिवस शेवटचा. ज्याच्या घरी उतरलो होतो तो घरमालकच आमचा वाटाड्या होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी म्हणालो, समोरच्या कड्यावर चला. तो म्हणाला, "आज नहीं. ऊपर बर्फ ढीली है." मला वाटलं, भाव वाढवतोय. मी दुप्पट देतो म्हणालो. त्यानं नुसती मान हलवली. माझं डोकं सरकलं.

आमच्या अडत बाजाराची एक रीत आहे. सौदा अडला की चप्पल घालायची आणि मागं न बघता निघायचं. दहाव्या पावलाला हाक येतेच. मी बूट चढवले.

"कुठं निघालाव?" बायको शेगडीजवळून म्हणाली.

"बघ, बोलावतो का न्हाई."

"अहो, दुसरं गिऱ्हाईक न्हाई, दुसरं दुकान न्हाई. कोणाला भ्या दाखवायलाव?"

मी निघालो. दहा पावलं झाली, वीस झाली. मागं फक्त माझ्याच बुटांचा आवाज. बर्फ गुडघ्यापर्यंत आलं, तरी परत फिरायची लाज वाटत होती, म्हणून चालत वळणापर्यंत गेलो आणि थबकलो.

समोरच्या उतारावर वीसेक रानमेंढ्या उभ्या होत्या. एकही चरत नव्हती. सगळ्यांची तोंडं एकाच कपारीकडं. बाजारात माल बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. दहा व्यापारी आपला ढीग सोडून एकाच पोत्याकडं बघू लागले की तिथं काहीतरी आहे, हे मला सांगावं लागत नाही. इथंही तसंच होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी हाक न येता परत फिरलो. जवळजवळ पळतच. दारातूनच धापा टाकत म्हणालो, "भैया, आपकी बात सही. कड़ा नहीं चाहिए. बस मोड़ तक चलो." तो माझ्या तोंडाकडं बघून हसला आणि तीन पायांच्या तिकाटण्यावरची दुर्बीण उचलून निघाला. मागोमाग बायकोही आली.

वळणावर त्यानं दुर्बीण लावली, बराच वेळ हलला नाही, मग बाजूला झाला. मी डोळा लावला. दगड, दगड, दगड. मग एका दगडानं शेपूट हलवली. जाड शेपूट, पाय पुढं टाकून बसलेला, सगळं खोरं त्याच्या मालकीचं असल्यासारखा.

फोटोसाठी खिशात हात घातला, तर फोन थंडीनं बंद पडलेला. म्हणजे धाकटा विश्वास ठेवणार नाही. न ठेवो, बसू दे तिकडं मनालीचे फोटो बघत.

"सरका, मला बघू द्या," बायको म्हणाली.

मी सरकलो. एक मिनिट झालं, पाच झाली. बिबट्या उठला, आळस द्यायलाय, असं ती सांगत होती आणि मी मागं उभा राहून तडफडत होतो.

"आता माझी पाळी."

"न्हाई."

"दोन मिनिटं तू, दोन मी."

"न्हाई म्हनले ना."

निघून जायची धमकी देण्याइतकाही मूर्ख मी आता राहिलो नव्हतो.