कॅमेरा चालू असलेला वर्ग

इतवारीतल्या एका प्रशिक्षण केंद्रात मी रुग्णसेविकांना शिकवते. आमचा अभ्यासक्रम अर्धा फोनवर, अर्धा वर्गात. आठवड्याच्या सुरुवातीला बायका घरून पाठ ऐकतात. शुक्रवार-शनिवारी केंद्रात येऊन खाटेवर, पुतळ्यावर हात बसवतात. नुसतं नाव लावून कोणी स्वयंपाकाला लागू नये म्हणून फोनवर कॅमेरा चालू ठेवायचा नियम होता.

एका तुकडीत खापरखेड्याची एक मुलगी होती, लग्न होऊन फार दिवस न झालेली. बोलायला फटकळ, पण हात हलका. एका शुक्रवारी भर उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचा कुर्ता घालून आली. रक्तदाब मोजायचा सराव होता. जोडीदारणीनं तिची बाही वर सरकवली, तर दंडावर बोटांचे निळे ठसे.

"गाडीवरून पडली मी," ती घाईनं म्हणाली.

जोडीदारीण तिच्याच वस्तीतली, पन्नाशीची विधवा बाई. तिनं पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. "अशा गाडीवरून मीबी लय वर्षं पडली वं," एवढंच म्हणाली.

पुढच्या मंगळवारी फोनवर पाठ चालू होता. पडून असलेल्या रुग्णाला जेवण कसं भरवायचं, हे मी सांगत होते. तेवढ्यात कोणाच्या तरी घरातून पुरुषाचा मोठा आवाज आला. एकीचा भाऊ डबा मागत होता. तो आवाज खापरखेड्याच्या मुलीच्या फोनमधून तिच्या खोलीत घुमला असणार. तिच्या मागं नवरा येऊन उभा राहिलेला दिसला.

"कोणता माणूस बोलून राहिला?"

"क्लास आहे. मॅडम आहेत."

"मले येडा समजते?"

त्यानं तिचे केस धरले आणि डोकं बाजूच्या लोखंडी कपाटावर आपटलं. परत आपटलं. फोन पडला. मग पडद्यावर नुसतं छत, गरगरणारा पंखा आणि आवाज. लाथ बसल्यावर माणसाच्या पोटातून जो आवाज निघतो, तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आम्ही सगळ्या एकदम ओरडत होतो, म्हणून कोणाचंच ओरडणं धड पोहोचत नव्हतं. मग त्याचा चेहरा पडद्यावर आला, घामेजलेला. "शिकवा आता," तो म्हणाला आणि पडद्यावरचा तिचा चौकोन काळा झाला.

विधवा बाईच्या चौकोनात फक्त तिची भिंत उरली होती. ती केव्हाच निघाली होती.

मी पोलिसांना फोन केला, स्कूटी काढली. कोराडी रस्त्यावर ट्रकांमधून कशी गेले, आठवत नाही. मी पोहोचले तेव्हा दाराची कडी तुटून लोंबत होती. शेजारणींना घेऊन विधवा बाईनं वरवंट्यानं ती फोडली होती. नवरा मागच्या दारानं पळाला होता. मुलीचा जबडा एका बाजूला सरकलेला, कानामागून रक्त चालू. पोलीस अजून आले नव्हते. बऱ्याच खटपटीनं मिळालेल्या ऑटोत आम्ही तिला उचलून ठेवत होतो, तोच तो गल्लीतून सळई घेऊन परत आला.

पहिला वार माझ्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, मग दुखलं. त्यानं सळई पुन्हा उगारली, पण विधवा बाईनं मागून त्याच्या सदऱ्याला लोंबकळत त्याला खाली ओढलं. मग बायका तुटून पडल्या. चपला, झाडू, पाण्याची बादली. मीही डाव्या हातानं त्याच्या तोंडावर मारलं. मला थांबावंसं वाटत नव्हतं. पोलिसांनी आम्हाला बाजूला केलं तेव्हा माझ्या नखांत त्याचं रक्त होतं.

दवाखान्यात मुलीचा जबडा तारांनी बांधला. तिचा भाऊ आला, "मिटवून घे, घरचीच गोष्ट आहे," म्हणाला. तिला बोलता येत नव्हतं. तिनं मान हलवून नाही म्हटलं, आणि तो तरी बोलतच राहिला तेव्हा पाण्याचा पेला उचलून त्याच्या अंगावर फेकला. तक्रार झाली.

आणखी कोणाच्या घरी असं होऊ नये म्हणून केंद्रानं कॅमेऱ्याचा नियम रद्द केला. ती विधवा बाईकडे राहायला गेली. पुढचे पाठ दोघींनी एकाच फोनवर ऐकले, तरीही कॅमेरा चालू ठेवून, एका चौकोनात दोन चेहरे. दोघीही पास झाल्या, कामाला लागल्या.

खटला अजून चालू आहे. नवऱ्याला जामीन मिळाला. मागच्या तारखेला कोर्टाच्या आवारातच तो तिच्यावर धावून आला. शिपायानं त्याला भिंतीशी दाबून धरलं. मुलगी बाकावर बसली. विधवा बाई तिची पाठ चोळत राहिली. मग मुलगी म्हणाली, "काकू, मले भूक लागली."

आम्ही तिघी समोरच्या ठेल्यावर गेलो. जबडा अजून पुरता उघडत नाही, म्हणून तिनं पोह्यांवर जास्तीची तर्री घेऊन ते मऊ केले आणि हळूहळू सगळे संपवले.