बेचाळीस विहिरींचा कप्पा

आमच्या संस्थेत कॉम्प्युटरची दोन मशीनं होती आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे होते. धाकटं शंकेखोर. कप्प्यातलं सगळं पुसून टाक म्हटलं की ते आधी विचारायचं, नक्की ना? हो की नाही? थोरलं मुकाट. सांगितलं की करून मोकळं. मला थोरल्याचा स्वभाव आवडायचा. तेवीस वर्षांची होते, डोकं गरम होतं आणि कुणी एकच गोष्ट दोनदा विचारली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ऐंशीचं दशक उताराला लागलं होतं. मी सेलूहून रोज एसटीने वर्ध्याला यायची. संस्था शेती, पाणी, ग्रामोद्योग असं थोडं थोडं सगळंच करायची आणि तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीची मी एकटी मालकीण होते. चपला बाहेर काढायच्या, दार लगेच लावायचं, आत पाणी प्यायचं नाही, हे नियम मीच केलेले. संचालकांनाही मी चपला काढायला लावल्या होत्या, त्याचा मला फार अभिमान. खोलीत एसी होता, त्यामुळे मे महिन्यात साऱ्या संस्थेची संगणकाविषयीची आस्था एकदम वाढायची. एरवी आत न डोकावणारे लोक 'हे कसं चालतं हो?' म्हणत तासतासभर स्टुलावर बसून राहायचे. मी कुणाला हाकललं, कुणाला चहा आणायला पाठवलं. आज ते स्टूल आठवलं तरी बरं वाटतं.

धाकट्या मशीनसाठी मी एक आज्ञावली लिहिली होती. तिचं नाव झाडू. दर शनिवारी दुपारी झाडू फिरवायचा. फाइल दुरुस्त केली की मशीन तिची जुनी प्रत मागे ठेवायचं, आणि अशा प्रतींनी जागा भरून जायची. झाडू त्या प्रती पुसायचा आणि मग रिकामे झालेले कप्पे काढून टाकायचा. डिरेक्टरीला मी कप्पाच म्हणायची, कारण संस्थेत कपाट सगळ्यांना कळायचं. आता कुठला कप्पा रिकामा झाला हे बघत कोण बसणार? मी आळशी युक्ती काढली होती. झाडूत एकूण एक कप्प्याचं नाव लिहून ठेवलं होतं. सगळेच काढ म्हणायचं. ज्यात काही शिल्लक असेल तो कप्पा मशीन काढतच नसे, कप्पा रिकामा नाही म्हणून कुरकुरायचं आणि पुढे जायचं. म्हणजे राखण मशीनची, श्रेय माझं.

त्या कप्प्यांपैकी एक होता विहिरींचा.

विहिरींची मोजणी करणारे आमचे काका साठीच्या उंबरठ्यावर होते. आर्वी रस्त्यावरच्या एका खेड्यातले. सगळे त्यांना विहीरकाकाच म्हणायचे. सायकल एसटीच्या टपावर टाकायची, आर्वीकडे नाहीतर सेलूकडे उतरायचं आणि गावोगावच्या विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. बेचाळीस विहिरी, दर महिन्याला, अकरा वर्षं. लग्नसराईत नाही चुकलं, तापात नाही चुकलं. दर महिन्याची नोंद त्यांच्या स्वतःच्या गावच्या देवळामागच्या विहिरीपासून सुरू व्हायची. मला वाटायचं, आपल्या गावाचा लळा, दुसरं काय.

त्या वह्या मी चार महिने बसून मशीनमध्ये भरल्या. काका शेजारी स्टुलावर बसून आकडे वाचायचे, मी टाइप करायची. मला ते 'बाई' म्हणायचे, मी वयाने त्यांच्या लेकीएवढी असले तरी.

"बाई, माह्या अकरा वर्साचं पानी एवढ्याशा तबकडीत मावलं?" फ्लॉपी हातात घेऊन त्यांनी एकदा विचारलं.

"अजून अकरा वर्षांचं मावेल, काका."

"मंग विहिरी काऊन आटून राह्यल्या?" म्हणाले आणि स्वतःच हसले.

वह्या भरून झाल्यावर त्या हौदात गेल्या. हे बाहेरच्याला सांगावं लागतं. संस्थेच्या मागच्या अंगाला हातकागद करायचा कारखाना होता. चिंध्या, रद्दी, जुन्या फायली, जे काही कामातून गेलं ते तिथल्या हौदात भिजायचं, त्याचा लगदा व्हायचा आणि नवा कागद निघायचा. काही फेकायचं नाही, काही अडकवून ठेवायचं नाही, काम झालं की हौदात, अशी आमच्याकडची शिस्त होती, आणि ती सगळे धर्मासारखी पाळायचे. काकांच्या वह्या मीच सुतळीने बांधून नेऊन दिल्या. त्यांची शाई पुरती धुतली गेली नाही. त्या खेपेचा कागद जरा निळसर निघाला आणि सगळ्यांना तो फार आवडला.

काका दिवाळीत निवृत्त होणार होते. त्याआधी संस्था पाण्यावरचा अहवाल छापणार होती, कुठल्या गावाचं पाणी किती खाली गेलं याचा, आणि त्यात अकरा वर्षांच्या तक्त्यांखाली मोजणी करणारा म्हणून काकांचं नाव येणार होतं. ही गोष्ट त्यांनी गावात सांगून ठेवली होती. एरवी स्वतःबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस, पण हे सांगितलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नागपूरहून टेम्पोतून थोरलं मशीन आलं. त्याची भाषा वेगळी, आज्ञा वेगळ्या. धाकट्यावरचं सगळं मी फ्लॉप्यांतून त्यावर नेलं. फ्लॉप्या तेव्हा सोन्याच्या मोलाच्या, म्हणून काम झाल्यावर त्या पुसून दुसऱ्या विभागाला दिल्या. धाकटं मशीनही रिकामं करून ग्रंथालयाला देऊन टाकलं. काम झालं की हौदात.

मग मी झाडू नव्या भाषेत लिहायला घेतला. पुस्तकात कप्पा काढायच्या दोन आज्ञा होत्या. पहिली एका चाचणीच्या कप्प्यावर करून पाहिली तर ती अडली, कप्पा रिकामा नाही म्हणाली आणि पुढे जाईना. दुसरी लगेच चालली. चालली ना, मग तीच लिहिली. तिच्याखाली दोन परिच्छेद होते, ते मी वाचले नाहीत. त्यांत लिहिलं होतं की ही आज्ञा कप्पा काढते आणि त्याच्या पोटात जे असेल तेही काढते. आणि विचारत नाही.

शनिवारी दुपारी मी झाडू फिरवला. धाकट्याला दहा मिनिटं लागायची, मधे त्याची कुरकूर चालायची. इथे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम संपलं. कुरकूर नाही, काही नाही. मला इतका आनंद झाला की मी उठून खिडकीचा पडदा बाजूला केला आणि बाहेर पाहिलं. परत येऊन कप्प्यांची यादी मागितली. यादी आली नाही. पुन्हा मागितली. मग एकेक कप्पा नावाने उघडायला गेले. एकही उरला नव्हता.

त्या दुपारी मी सगळं धुंडाळलं. दुसऱ्या विभागातल्या फ्लॉप्यांवर कापसाच्या वाणांची माहिती चढली होती. धाकट्या मशीनवर पुस्तकांची यादी. कारखान्यात धावत गेले, तर हौद धुऊन पालथ्या बादल्या वाळत ठेवलेल्या. टेबलाच्या खणात छापून पाहिलेला एक कागद सापडला, त्यावर तीन विहिरी होत्या आणि मागे मीच भाजीची यादी लिहिली होती. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. माझ्या रागाला त्या दिवशी माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडत नव्हतं.

सोमवारी काका नव्या नोंदी घेऊन आले. चपला काढल्या, स्टुलावर बसले. मी उभ्यानेच सांगून टाकलं. सगळ्या गेल्या. अकरा वर्षांच्या. माझ्या हातून.

काका बराच वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून तिची घडी नीट करत राहिले.

"त्यानं तुले विचारलं नाई?"

मी भडाभडा बोलायला लागले. ते धाकटं विचारायचं, हे विचारत नाही, या मशीनची रीतच तशी आहे, पुस्तक असं लिहिलंय की कुणालाही चकवेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते मशीनचं झालं, पोरी," ते म्हणाले. "तू काऊन नाई विचारलं कोनाले?"

त्या दिवसापासून मी बाईची पोरी झाले. ती बढती होती की शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

संचालक रागावले, पण मला काढलं नाही. अहवाल पुढे ढकलता येत नव्हता. काका म्हणाले, "विहिरी हायेत नं जाग्यावर. पुन्यांदा लिवू." गेलेली अकरा वर्षं विहिरीत उतरून मिळणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. कारखान्यातून त्यांनी एक नवी वही बांधून घेतली, त्याच निळसर कागदाची. तिच्यात पहिल्या पानावर लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

मग मी दर रविवारी त्यांच्यासोबत जायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, घरी बसवत नव्हतं एवढंच. भावाची सायकल घ्यायची, सेलूच्या बाजूच्या विहिरी एक रविवार, आर्वीच्या दुसरा. ऊन असं की सायकलच्या हँडलला रुमाल गुंडाळावा लागे. काका भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणायचे, मी कैरीचं लोणचं. कडुनिंबाखाली बसून खायचं, पाणी ज्या विहिरीचं मोजलं तिचंच प्यायचं आणि त्याला नावं ठेवायची. कुठलं मचूळ, कुठलं गोड, हे काकांना वहीशिवाय पाठ होतं. आयुष्यातला सगळ्यात वाईट उन्हाळा म्हणून मी तो आठवायला जाते आणि दर वेळी मला तो आवडून जातो.

टेप सोडण्याआधी काका एक गोष्ट न चुकता करायचे. काठावर वाकायचे आणि आत हाक मारायचे, "कोनी हाय काऽ?" आवाज खाली जाऊन परत यायचा. ते थांबायचे. मग वजन लावलेला टेप सोडायचे.

"काका, विहिरीत कोण असणार?"

"गाय काढाले कोनी उतरलं असन तं? वजन डोक्शावर पडन नं त्याच्या."

त्यांचा 'गाय' म्हणजे गाळ, आणि तो काढायला माणसं उतरतात हे खरं होतं. पण एका विहिरीवर, त्यांच्या गावच्या देवळामागच्या, ते जरा जास्तच थांबायचे. तिचा तळ वरून स्वच्छ दिसायचा आणि आत कुणी नाही हे मलाही दिसत होतं. मी घड्याळाकडे पाहायची, पण बोलायची नाही. तेवढं तोवर शिकले होते.

पावसाळ्यात मी झाडू पुन्हा लिहिला. ती दुसरी आज्ञा ठेवली, पण तिच्याआधी दोन ओळी घातल्या. प्रत्येक कप्प्याशी थांबायचं, आत काय आहे ते दाखवायचं आणि इंग्रजी अक्षरांत विचारायचं, 'कोनी हाय का?' उत्तर 'नाई' आलं तरच पुसायचं. 'हाय' म्हटलं तर त्या कप्प्याला हात न लावता पुढे जायचं. दहा मिनिटांच्या कामाला आता अर्धा तास लागायचा आणि माझी मी शांत बसून राहायची.

अहवाल छापला गेला. त्यात सहा महिन्यांचे तक्ते होते, अकरा वर्षांचे नव्हते. खाली काकांचं नाव मात्र होतं.

निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ झाल्यावर काका निरोप घ्यायला खोलीत आले. मी म्हटलं, काका, तुम्हाला गंमत दाखवते, आणि झाडू सुरू केला. विहिरींच्या नव्या कप्प्याशी येऊन मशीन थांबलं. पडद्यावर प्रश्न उमटला. काकांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, म्हणून मी वाचून दाखवलं.

ते हसले. खूप हसले. मग स्टुलावर बसले.

"हे माह्यं नोय, पोरी," ते म्हणाले. "हे मायचं हाय. आमाले विहिरीले हात लावू देत नोते तवा. देवळामांगची विहीर, तेच. माय घागर घेऊन लांब उभी राहे अन हाका मारे, कोनी हाय का? कोनी आलं तं वरून पानी टाके. नाई आलं तं उनात उभं राहा. मंग बानं दीक्षा घेतली, दिवस बदलले. मी नोकरीत लागलो अन पयल्या दिशी त्याच विहिरीत टेप सोडला. पयल्या वहीत पयली ओळ तेच होती."

ती ओळ मी टाइप केली होती. ती ओळ मी पुसली होती.

काका पडद्याकडे बघत होते. प्रश्नाच्या पुढे तो छोटा चौकोन उघडमीट करत होता.

"किती वेळ थांबते हे?"

"उत्तर येईपर्यंत, काका."

"माय बी थांबे," ते म्हणाले.

मी कीबोर्ड जवळ ओढला आणि उत्तर टाइप केलं, 'हाय'.