पत्र्यावरची ओली पोती

सगळ्यात आधी आभार मानायचे ते खालांचे. माझ्या घरमालकीण. उस्मानपुऱ्यात खाली त्या राहतात, वरच्या पत्र्याच्या खोलीत मी. त्या नसत्या तर मी केव्हाच किनवटच्या पलीकडं, गावाला परत गेले असते. आणि तिथं आता माझं कुणी उरलेलं नाही.

सातवीत शाळा सुटलेली मी. गुलमंडीतल्या एका दुकानात ब्लाउज शिवते. त्या हिवाळ्यात रात्री अंगातून एकदम वाफ निघायची, उशी घामानं भिजायची, मग उजाडेपर्यंत टक्क जागी. दिवसा मशीनवर डुलक्या. दोनदा बाह्या उलट्या जोडल्या. मालक म्हणाले, "बाई, परत असं झालं तर सरळ गाव गाठा."

मला वाटलं, पत्रा तापतोय. रोज संध्याकाळी शिडी लावून वर ओली पोती टाकायची. शेजारीण हसायची, "थंडीत पत्र्याला आंघोळ घालती का गं?"

एका सकाळी पोत्यांचं पाणी खालांच्या वाळत घातलेल्या दुपट्ट्यांवर गळलं. त्या तणतणत वर आल्या. पत्र्याला हात लावला, मग तोच गार हात माझ्या मानेवर ठेवला.

"पत्रा तर बर्फ हाय. तापती तू, पगली. पाळी येती का?"

"चार-पाच महिने नाय."

"मग सांगायचं नाय व्हय? मी तर हौदात पाय सोडून बसायची. सासू म्हणायची, हिला जिन लागला!"

त्या हसल्या. मी मात्र थक्क. मला आई आठवली. पन्नाशीच्या अलीकडं ती रात्री उठून मेंढरांजवळ उघड्यावर जाऊन बसायची. म्हणायची, लांडग्याची चाहूल लागती. आम्ही पोरं निर्धास्त झोपायचो. लांडगा कधी आलाच नाही. एवढं मोठं काहीतरी बाईच्या अंगातून जातं, अन् घरात कुणाला पत्ता नाही!

खालांनी मला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. पाळी जाताना झोप अशी मोडते, त्या म्हणाल्या, गोळ्या दिल्या. सुट्टीच्या दुपारी खालांनी मला त्यांच्या खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं आणि स्वतः दारात बसल्या. भाजीवाला ओरडला, तसा त्यांचा दबका आवाज कानावर आला, "आहिस्ता रे बाबा, बच्ची सोई है."

सत्तेचाळीस वर्षांची बच्ची. जाग आली ती संध्याकाळच्या अजानला.

झोप अजून कधीमधी मोडते, पण बाह्या सुलट्या लागतात. काम टिकलं. आता खालांना गुडघे झोपू देत नाहीत. कधीतरी माझं पक्क्या छताचं घर होईल. त्यातली खिडकीजवळची खाट त्यांची. दारात मी बसेन, अन् एकाही भाजीवाल्याला ओरडू देणार नाही.