चैत्रात घेतलेली दिवाळी

आमच्या घरची दिवाळी पंचांगावर नव्हती, जिनावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर होती. अकोल्यात आम्ही जिनामागच्या चाळीत राहायचो. बाबा रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसवर, माय कापसातला कचरा निवडायला. कापूस आला की भोंगा वाजायचा आणि आठवड्याचा हप्ता सुरू व्हायचा. उन्हाळा लागला की दोन्ही बंद. अधिक महिना पडून दिवाळी लांबली, तर सणाच्या आत भोंगा वाजलेला असे. नाहीतर सण यायचा तो रिकाम्या डब्यांवरच.

म्हणून मायनं रीत पाडली होती. दिवाळीचं कापड ती चैत्रात घ्यायची, शेवटचा हप्ता हातात असताना. कापडवाला हसायचा.

"काहून बाई, शिमगा आत्ता झाला, आन् लगेच दिवाळी?"

"तुमची तिथीनं येते शेठ, आमची पैशानं येते," माय म्हणायची, आणि ताग्यात नसलेले डागही दाखवून भाव पाडायची. कपडे वीतभर मोठे शिवायचे, कारण तोवर पोरं वाढणार. दिवाळीला आमच्या अंगाला ट्रंकेतल्या कडुलिंबाचा वास यायचा. मला त्याची कधी लाज वाटली नाही. चाळीतल्या कित्येक पोरांना तेवढंही नव्हतं.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी वैशाखात ताईचं लग्न झालं. अंजनगाव सुर्जीला दिली. लग्नाच्या खरेदीतच मायनं पहिल्या दिवाळसणाचं उरकून घेतलं. जवायाला धोतर आणि सदऱ्याचं कापड, ताईला जांभळं लुगडं. रंग ताईनंच निवडला होता.

पुढे पाऊस नीट झाला नाही. ज्वारी बाजारातून नाहीशी झाली. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. मजुरीला माणसं फार आणि काम नाही. भादव्यात ट्रंक उघडली. आधी धोतर विकलं, मग सदऱ्याचं कापड. लुगडं रेल्वेत नोकरी असलेल्या शेजाऱ्यांनी घेतलं, कारण पावसाळ्यात पगार फक्त त्यांच्याच घरी येत होता.

दसरा झाला, भोंगा वाजला नाही. आता ताईला आणायला मुराळी जायला हवा होता. भाऊ लहान, म्हणजे बाबांनीच जायचं.

"पोरगी वाट पाहून राहिली असन," माय म्हणाली.

"आणू, आन् जवायाले पाटावर बसवून काय देऊ? रिकामं ताट?"

"नाही आणली तं तिची सासू तिले बोलन."

दुसऱ्या दिवशी अंजनगावच्या एका ओळखीच्या माणसाजवळ बाबांनी निरोप दिला, की घरात गोवर निघालाय, यंदा येऊ नका. त्यांना वाटलं, आजाराला कोणी नावं ठेवत नाही.

ताई नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी धावत आली. मागून जवाई. पिशवीत आजाऱ्यासाठी मुगाची डाळ होती. भाऊ दारात गोट्या खेळत होता.

"तुले गोवर होता ना रे?"

"मले? नाही तं."

ताई घरात आली. बाबा खाटेवरून उठले आणि पुन्हा बसले. जवाई म्हणाले, "बरं झालं म्हणा, दुखणं नाही."

संध्याकाळी रेल्वेवाली शेजारीण दिव्याच्या वातींना कापूस मागायला आली. अंगावर जांभळं लुगडं होतं. ताईनं ते पाहिलं. शेजारीण गेल्यावर चुलीपाशी ताई मायला म्हणाली, "नाही म्हणून सांगतलं असतं तं मी सासूले समजावलं असतं. गरीब तं तेही हायेत. आता काय सांगू? खोटं बोलून टाळलं म्हणतीन."

सकाळी मायनं जवायाला ओवाळलं. ताटात हळद, कुंकू आणि सुपारी. जवाई हळूच म्हणाले, "राहू द्या, मले कपडे हायेत." चांगला माणूस होता. त्याच्या चांगुलपणानं बाबा आणखी खचले.

खोटं बोलून दिवाळसण टाळला, असं ताईची सासू म्हणाल्याचं लोकांकडून कळलं. त्यानंतर ताईला माहेरी पाठवलं नाही. एका हंगामात बाबा प्रेसवरच छातीत कळ येऊन गेले. तेव्हा ताई सासूबरोबर तासाभरापुरती आली आणि तिच्याबरोबरच परत गेली.

मी अमरावतीला शिकले. लोकांच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, एका घरी स्वयंपाक केला आणि त्यांच्याच पडवीत अभ्यास केला. बी.ए. झाले आणि सरकारी कचेरीत लागले. आमच्या घराण्यात पदवी आणणारी मी पहिली. हे मी सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

त्याच वर्षी दिवाळीआधी अंजनगावला गेले. ताईच्या सासूनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मुराळी म्हणून पोरगी पाठवली का आता?"

"पगार पोरगीच आणते, मावशी."

मग मी सरळ सांगितलं. त्या वर्षी गोवर नव्हता. द्यायला कापड नव्हतं, म्हणून बाबा खोटं बोलले.

"हे तवाच सांगता येत नव्हतं?"

"त्यांनी लाज धरली. मी धरत नाही."

म्हातारीनं हातातली सुपारी कातरून संपवली. मग आत तोंड करून म्हणाली, "सूनबाई, पिशवी भर."

त्या वर्षी ताई दिवाळीला माहेरी आली आणि भाऊबीज करून गेली.