हात कुणाचा

परळीच्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी जिथून स्पष्ट दिसते, अशा एका गावात माया राहते. नवरा समाधान तिथल्या राखेचं टिप्पर चालवतो आणि ती राखेच्या विटा करणाऱ्या कारखान्यावर विटा रचायला जाते. लेक एकच, चैताली. पोरगी सहा वर्षांची होईपर्यंत आईला सोडून जेवली नाही की झोपली नाही. गावातल्या बायका चिडवायच्या, "माया, हिला सासरी पाठवताना तुलाबी पाठवावं लागंल." मायाला ते चिडवणं मनातून फार आवडायचं.

यंदा चैताली जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेली आणि घरात 'आमच्या बाई' शिरल्या.

आमच्या बाई म्हणजे रुद्राणी बाई. परळीहून स्कूटीवर यायच्या. पोरांना फळ्याकडं बघत बसवायच्या नाहीत. ओल्या मातीत बोटानं अक्षरं काढायला लावायच्या, चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावायच्या, करवंट्यांचा तराजू करून कांदा जड की बटाटा ते पोरांनाच ठरवू द्यायच्या. चैताली घरी यायची ती हाताला माती लागलेली आणि तोंडात एकच नाव घेऊन. मायानं तांब्यात पाणी ओतलं तरी ती म्हणायची, "आई, थांब! आमच्या बाई म्हणल्या, आदी अंदाज सांगायचा, किती पेले भरतील."

"तुज्या बाईला घरी काम न्हाई वाटतं," माया म्हणायची.

समाधान हसायचा. "चांगलं शिकतीय की. तुला कावून झोंबतंय?"

"मला कशाला झोंबंल?"

पण झोंबत होतं. विटा रचता रचता तिला ती बाई दिसायची. तिचे ते गोरे, मऊ हात, मनगटावरचं घड्याळ, पावडरीचा वास. आपली लेक त्या हातांना धरून दिवसभर बसते, या विचारानं मायाची विटांची मोजणी चुकायची.

अशात शाळेनं आयांना बोलावलं. पहिलीच्या पोरांचा स्पर्शाचा खेळ होता. डोळ्यांवर पट्टी बांधून वस्तू ओळखायच्या आणि शेवटी आपल्या आईचा हात ओळखायचा. मायानं ठरवलं, आज त्या बाईपुढं कमी दिसायचं नाही. कारखान्यावर बरोबरच विटा रचणाऱ्या जाऊ मोहिनीकडून तिनं घड्याळ मागून घेतलं, हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून ठेवल्या, तळव्यांना मलम चोळचोळ चोळलं आणि वरून पावडर लावली.

आया ओळीनं बसल्या, हात पुढं करून. चैतालीच्या डोळ्यांवर पट्टी होती. तिनं पहिला हात चाचपला, सोडला. दुसरा सोडला. मायाचा हात धरला तेव्हा माया पुढं सरकली. पोरीनं मनगट चाचपलं, तळवा नाकाशी नेला आणि तोही सोडला. ओळ संपली. चैताली रडवेली होऊन उभी राहिली.

"माजी आई आलीच न्हाई."

बायका खळखळून हसल्या. रुद्राणी बाईंनी पुढं होऊन पोरीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला, तोंडातून शब्दही काढला नाही. चैताली पट्टीआडूनच म्हणाली, "ह्या बाई हायेत."

माया उठली, लेकीच्या डोळ्यांवरची पट्टी ओढून काढली आणि तिला घेऊन तडक घरी आली. "उद्यापासनं शाळा बंद."

दुसऱ्या दिवशी तिनं चैतालीला कारखान्यावर नेलं. पोरगी सावलीत बसून विटांचे तुकडे गोळा करत राहिली. मायानं डोकावून पाहिलं तर तुकड्यांचे दहा-दहाचे ढीग! इथंही बाईच.

"मोड ते!" ती ओरडली. चैतालीनं मुकाट्यानं मोडले.

दुपारी स्कूटीचा आवाज आला. रुद्राणी बाई राखेतून साडी सावरत आल्या. "चैताली का आली नाही?"

माया ताठ उभी राहिली. "बाई, तुमाला सगळं गाव पडलंय. माजी एकच लेक हाय. तीबी तुमीच घेतली."

बाई चैतालीकडं वळल्या. मायाचा राग मग लेकीवर वळला. "अन् तू गं? पोटच्या आईचा हात वळखला न्हाईस?"

चैताली हुंदके देत म्हणाली, "त्यो तुजा नव्हताच. बांगड्या नव्हत्या. बोटं खरखरीत नव्हती. वासबी बाईंच्या पावडरीवानी. मंग मी म्हणलं, आई आली न्हाई."

मोहिनी फस्सकन हसली. माया आपल्या राखेनं भरलेल्या तळव्यांकडं बघत विटांवर बसली. चैताली आली, तिची बोटं धरून तिच्याजवळ टेकली आणि तिनं हळूच विचारलं, "आता शाळंत जाऊ?"

मायाला नाही म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरगी बोट सोडत नव्हती. "जा," ती म्हणाली, "पर पाणी पिऊन जा."

स्कूटी निघाली. मागं बसलेल्या चैतालीनं बाईंच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. माया वळणापर्यंत बघत राहिली.

"मोहिने," ती म्हणाली, "लई घट धरलंय, न्हाई का?"

"पडंल न्हाईतर," मोहिनी म्हणाली.

"तेबी खरं हाय," माया म्हणाली आणि पुढची वीट जरा जोरातच आदळली.